सोसायटी कुणाची?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे 'सहकार' हा शब्द भाषणात ऐकू येतो. रोजच्या बोलण्यात चालतो तो शब्द म्हणजे 'सोसायटी'. खत सोसायटीतून आणायचे, कर्ज सोसायटीचे काढायचे, भात सोसायटीच्या काट्यावर घालायचे; आणि कुपे तोडली जात त्या काळात कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघालेला ठाकूर किंवा कातकरी 'सोसायटीच्या कामावर' जात असे. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो परका आहे ह्याची कुणाला आठवण राहिलेली नाही. परंतु शब्द रुजला म्हणून त्यामागची कल्पनाही रुजली असे समजणे धाडसाचे होईल. ती कल्पना साधी आहे. ज्याला दुकानाची गरज आहे त्यानेच दुकानाचे मालक व्हावे, ज्याला कर्जाची गरज आहे त्यानेच पेढीचे मालक व्हावे, आणि ज्याच्या घामावर धंदा चालतो त्यानेच त्या धंद्याचे धनी व्हावे. ही कल्पना आमच्या डोंगरात कशी आली आणि येताना तिचा कोणता भाग वाटेत गळून पडला, हे पाहण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

सोसायटी येण्यापूर्वी आमच्याकडे काय होते, हे आधी सांगितले पाहिजे. आषाढ लागला की डोंगरातल्या घरांची कणगी रिकामी होत असे. नाचणी-वरी संपलेली, भाताची आवणी तोंडावर आलेली. मग सावकाराच्या ओट्यावर जाऊन खावटी आणावयाची. तिचे दर ठरलेले होते. 'सवाई' म्हणजे एका मणाला सव्वा मण आणि 'दिढी' म्हणजे एका मणाला दीड मण. शाळेत मी मुलांना व्याजाची गणिते घालतो तेव्हा हेच उदाहरण घेतो. आषाढात नेलेले एक मण मार्गशीर्षात दीड मण होऊन परत जाते. तर दरसाल दर शेकडा व्याज किती? पाच महिन्यांत शेकडा पन्नास, म्हणजे वर्षाला शेकडा एकशेवीस. मुले उत्तर काढतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. त्यांच्या आज्या-पणज्यांना हे गणित मांडता येत नव्हते. मात्र त्याचे उत्तर त्यांना पाठ होते.

धान्याच्या कर्जाहून लग्नाचे कर्ज वाईट. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावेत आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्या घरी राबावे, अशी पद्धत ठाणे जिल्ह्यात होती. अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज मात्र क्वचितच फिटे, कारण हिशेबाची वही सावकाराच्या हाती. मुंबई सरकारने १९३७ साली डी. सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्यास आदिवासींच्या स्थितीची पाहणी करावयास नेमले. त्याच्या अहवालात ह्या लग्नगड्यांचे आणि जंगलच्या मजुरांचे जे वर्णन आहे, ते सरकारी कागद असूनही वाचवत नाही.

जंगलची कथा निराळी नव्हती. आगगाडी १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली आणि आमच्या सागाला, जळाऊ लाकडाला व कोळशाला मुंबईची वाट मोकळी झाली. जंगल सरकारी झाले. त्याचे कूप पाडून लिलाव होऊ लागले आणि लिलाव घेणारा ठेकेदार जंगलचा राजा बनला. झाड ज्याच्या कुऱ्हाडीने पडे, कोळशाची भट्टी ज्याच्या डोळ्यांत धूर भरून पेटे, त्याच्या हातात दिवसाअखेरीस काही आणे पडत. कधी तेही पडत नसत. वेठ म्हणून काम करून घेतले जाई.

ह्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला ह्या रोगावरचे एक औषध शोधले गेले होते. इंग्लंडात रॉचडेल नावाच्या कापडगिरण्यांच्या गावी विणकरांचे हाल चालले होते. मजुरी थोडी, आणि दुकानातून मिळणाऱ्या पिठात भेसळ. त्यांतल्या अठ्ठावीस जणांनी दर आठवड्याला थोडे थोडे साठवून प्रत्येकी एक पौंड जमवला आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेन नावाच्या गल्लीत स्वतःचे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. परंतु त्यांनी घातलेले नियम मालापेक्षा मोलाचे होते. कुणालाही सभासद होता यावे. भाग एक असो की दहा, मत एकच. भांडवलावर बेताचे व्याज. आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. दुकानातला नफा गिऱ्हाइकाच्या खिशातून आला आहे, तेव्हा तो त्याच खिशात परत गेला पाहिजे, असा हा सरळ न्याय होता. पुढे जर्मनीत रायफायझेनने शेतकऱ्यांच्या पतपेढ्या ह्याच विचाराने उभ्या केल्या.

हिंदुस्थानात हा विचार सरकारच्या हाताने आला, आणि तोही भीतीपोटी. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली व कर्जाचे रोखे जाळले. दंगे पुणे-नगर भागात पसरले. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला, पण कायद्याने व्याज थोपवता आले तरी आषाढातली भूक थोपवता येत नाही. सावकाराच्या जागी दुसरे कुणी तरी उभे राहावे लागते. ते उभे करण्यासाठी १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा करण्यात आला. मुंबई इलाख्यातली पहिली ग्रामीण पतसंस्था १९०५ साली धारवाड जिल्ह्यात कणगिनहाळ येथे निघाली. मुंबई शहरात श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली, आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. १९२५ साली मुंबई इलाख्याला सहकाराचा स्वतंत्र कायदा मिळाला. म्हणजे शहरातील नोकरदाराने आणि बागायती गावाने ही कल्पना लवकर उचलली. डोंगरातल्या पाड्यापर्यंत तिला पोहोचावयास आणखी वीस-बावीस वर्षे लागली.

ती पोहोचली कशी, हे सांगण्यापूर्वी अशी संस्था चालते कशी, हे एका हिशेबाने दाखवतो. कारण सहकार म्हणजे परोपकार असा समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. समजा, शंभर माणसांनी पाचशे-पाचशे रुपयांचा भाग घेऊन भात विकण्याची एक संस्था काढली. भांडवल झाले पन्नास हजार. वर्षभरात सभासदांनी मिळून साडेचार लाखांचे भात संस्थेला घातले आणि खर्च जाता चाळीस हजार नफा उरला. हाच धंदा एका व्यापाऱ्याचा असता तर चाळीस हजार त्याच्या तिजोरीत गेले असते. संस्थेत काय होईल? महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, म्हणजे दहा हजार. भागांवर शेकडा पंधराहून अधिक लाभांश देता येत नाही. पुरा पंधरा टक्के दिला तरी साडेसात हजार. किरकोळ निधी सोडून देऊ. उरले साडेबावीस हजार. हे भाताच्या प्रमाणात वाटले तर रुपयामागे पाच पैसे पडतात. ज्या बाईने नऊ हजारांचे भात घातले तिला साडेचारशे रुपये मिळतील, आणि ज्याने एक लाखाचे घातले त्याला पाच हजार. मात्र सभेत हात वर करावयाची वेळ आली की दोघांचा हात सारखाच मोजला जाईल.

ह्यात दयेचा किंवा दानाचा भाग कोठेच नाही. हा चोख धंदा आहे. फरक एवढाच, की येथे पैसा हा चाकर आहे आणि सभासद हा धनी आहे. भाग, मत आणि हिशेब अशा तीन पायांवर ही तिवई उभी असते. एक पाय आखूड झाला की ती कलते.

आता आमच्या डोंगरात येऊ. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथून परतलेल्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूकडे वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली, पण लढा थांबला नाही. पुढच्या वर्षी जंगल-कामगारांनी मजुरीसाठी संप केला. दुसऱ्या बाजूने बाळासाहेब खेर आणि त्यांचे सहकारी १९४० पासून आदिवासी सेवा मंडळाच्या द्वारे शाळा व वसतिगृहे चालवीत होते. खेर १९४६ साली पुन्हा मुंबई प्रांताचे प्रमुख झाले, आणि १९४७ च्या सुमारास त्यांच्या सरकारने ठरवले की ठेकेदाराला जंगलातून काढावयाचे आणि त्याच्या जागी जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या उभ्या करावयाच्या. कूप लिलावाशिवाय सोसायटीला मिळेल. तोडणारा आणि धनी एकच राहील. लढ्याचा दाब आणि सेवेची तळमळ, ह्या दोन्ही गोष्टींचा त्या निर्णयात वाटा होता असे माझे मत आहे.

हा निर्णय मोठा होता, ह्यात शंका नाही. ठाणे जिल्ह्यातील जंगलपट्ट्यात अशा सोसायट्या निघाल्या. मजुरी ठेकेदारापेक्षा बरी मिळू लागली, ती नियमाने मिळू लागली, आणि मुख्य म्हणजे मारहाण थांबली. नफ्यातून कोठे औषधे आली, कोठे शाळेला मदत झाली. ज्या म्हाताऱ्यांनी दोन्ही काळ पाहिले होते ते सोसायटीला नावे ठेवीत नसत.

परंतु योजनेत एक मेख होती. सभासद निरक्षर, लाकडाचा व्यापार, वनखात्याचे कागद, बँकेचे व्यवहार त्यांना कसे झेपणार? म्हणून प्रत्येक सोसायटीला एक पुरस्कर्ती संस्था किंवा पुरस्कर्ता असावा, असे ठरले. त्याने काही काळ हात धरून चालवावयाचे आणि मग हात सोडावयाचा, असा हेतू होता. पुष्कळ ठिकाणी हात धरणारे प्रामाणिक व तळमळीचे होते. पण हात सोडण्याचा दिवस पंचांगात कुणी लिहून ठेवला नव्हता. चिटणीस बाहेरचा, वही चिटणीसाकडे, सही त्याची आणि अंगठा सभासदाचा. जुन्या काळी वही सावकाराकडे होती. आता ती भल्या माणसाकडे आली. ती सभासदाकडे यावयाची राहूनच गेली.

मुरबाडकडच्या एका पाड्यावर एका वयोवृद्ध ठाकराशी मी ह्याबद्दल बोलत होतो. तरुणपणी त्याने सोसायटीच्या कुपांवर बरीच वर्षे काम केले होते. मी विचारले, "बाबा, तुम्ही सोसायटीचे सभासद होता ना?" तो म्हणाला, "व्हतो ना. अंगठा दिलता." मी विचारले, "मग सोसायटी कुणाची होती?" त्याने थोडा विचार केला आणि मलाच उलट विचारले, "गुरुजी, सरकारची का चिटणीसाची, त्ये आमाला काय ठावं?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दोनच उत्तरे त्याच्यासमोर होती. तिसरे उत्तर असू शकते हे त्याला कधी कुणी सांगितलेच नव्हते. अंगठा घेतला, भाग लिहिला, मजुरी चोख दिली. आणि जी एकच गोष्ट त्याला सावकाराच्या ओट्यावरून कायमची उठवू शकली असती, ती मात्र दिली नाही.

आमची माणसे अडाणी, म्हणून असे झाले, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांना मी डोंगरापलीकडे न्यावयास तयार आहे. शहापूर तालुक्यातला आजोबाचा डोंगर म्हणजे सह्याद्रीचा कडाच. त्याच्या पलीकडे अकोले तालुका, रतनगड आणि भंडारदऱ्याचे धरण. ढग तेच, पाऊसही तोच. पलीकडे पडलेले पाणी १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणातून प्रवरेच्या कालव्यांत गेले आणि नगर जिल्ह्याच्या शेतात ऊस उभा राहिला. त्या उसावर विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, वैकुंठभाई मेहतांचा पाठिंबा मिळाला, आणि १९५० च्या अखेरीस लोणीच्या माळावर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विखे पाटील काही पदवीधर नव्हते; त्यांचे सभासदही नव्हते. अलीकडे, आमच्या बाजूला, पडलेले पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा ह्या धरणांतून नळावाटे मुंबईला गेले. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे.

म्हणून फरक शिक्षणापेक्षा वेगळ्या ठिकाणी शोधला पाहिजे. लोणीचा सभासद कारखान्यात स्वतःच्या शेतातला ऊस घेऊन येत होता. भाव पटला नाही तर तो गुऱ्हाळ लावू शकत होता, अध्यक्षाला सभेत उभे करू शकत होता. आमचा सभासद सोसायटीत काय घेऊन आला? कुऱ्हाड आणि दोन हात. जंगल सरकारचे, कूप द्यावयाचा की नाही हे ठरवणार सरकार, दर ठरवणार सरकार. ज्या धंद्याचा कच्चा माल दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्या धंद्याची मालकी कागदावरच राहण्याचा धोका फार. १९८० चा वनसंवर्धनाचा कायदा आला, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक बंधने घातली, आणि उभे जंगल तोडणे उत्तरोत्तर कमी होत गेले. जंगल राखले पाहिजे, ह्याविषयी वाद नाही. पण कूप थांबताच पुष्कळ सोसायट्यांचे श्वासही थांबले, ह्यावरून त्यांचा प्राण कोठे होता ते कळते.

असे घडते हे देशाला आमच्याही आधी कळले होते. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळले, की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ शेकडा तीनच्या आसपास आहे आणि सावकारांचा दोन तृतीयांशांहून अधिक. पाहणीचा निष्कर्ष असा निघाला की सरकारने ह्या संस्थांत भागीदार व्हावे. त्यातून संस्था वाढल्या, कर्ज गावागावांत पोहोचले. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघाले. नोंदणीने तीही सहकारी संस्थाच. महामंडळ आदिवासी सोसायट्यांमार्फत भात आणि वनोपज खरेदी करू लागले, खावटी कर्ज देऊ लागले, आणि सवाई-दिढीचा फास सैल झाला. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण सरकारचा हात जितका मोठा झाला, तितका सभासदाचा हात लहान झाला. सभासद लाभार्थी बनला. लाभार्थी रांगेत उभा राहतो. धन्याला हिशेब द्यावा लागतो. ह्या दोन शब्दांतले अंतर आमच्या सोसायट्यांनी अजून तोडलेले नाही.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी जंगलात राहणाऱ्यांना दिली. शहापूर हा सबंध तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेलाही अधिकार आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ह्या गोंडांच्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपल्या जंगलातला बांबू ग्रामसभेच्या नावाने विकला. शहापुरातही कातकरी तरुणांनी एकत्र येऊन गुळवेल गोळा करावयास आरंभ केला. वनधन योजनेखाली त्यांच्या केंद्राला मोठमोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांच्या घरातली मागणी आल्याचे २०२१ साली जाहीर झाले. जो कातकरी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भट्टीवर राबला, त्याच्याकडे मागणी यावी, ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय ह्या वेळी कच्चा माल त्याचा आहे. जी गोष्ट जंगल-कामगार सोसायटीत नव्हती ती येथे आहे. ही केंद्रे बचतगटांची आहेत, सहकारी कायद्याखालची सोसायटी ती नव्हेत. पण नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली ह्यापेक्षा वही कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. तो येथेही विचारावा लागेल आणि आजच विचारावा लागेल.

कायद्याची आडकाठी म्हणाल तर ती नाही. संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेकडे आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपल्यापासून सहा महिन्यांत ही सभा घ्यावीच लागते. पोटनियम, ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. म्हणजे भात पोटरीला आलेले असते त्या दिवसांत, निंदणीतून मोकळा झालेला शेतकरी एक दुपार सभेला देऊ शकतो. तेथे ताळेबंद ठाकरी-कातकरी बोलीत मोठ्याने वाचला जावा. 'येणे' म्हणजे काय आणि 'देणे' म्हणजे काय, हे मणांत आणि पायलींत समजावून द्यावे. गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनी तो तपासावा. आमच्या शाळांतून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना हे काम सहज जमेल, असे मी अनुभवाने सांगतो. भाग सरकार मिळवून देऊ शकते, मत कायदा देऊ शकतो. हिशेब मात्र सभासदाने स्वतः मागावा लागतो. तो दुसऱ्या कुणी मागून चालत नाही.

आणि हा प्रश्न केवळ डोंगरातला आहे, असे समजून मुंबई-ठाण्याच्या वाचकाने पान उलटू नये. तोही बहुधा एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या छपराखाली राहतो आणि तिला सोसायटीच म्हणतो. वार्षिक सभेच्या दिवशी त्याला नेमके काही तरी काम निघते. गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पाच-सात माणसांत पुन्हा भरते. त्याच्या नळाला आमच्या तालुक्यातले पाणी येते, आणि ते जिन्यावरच्या टाकीत चढवण्याचा खर्च किती येतो हे त्याला ठाऊक नसते. त्याला लिहिता-वाचता येते, वही खालच्या मजल्यावरच्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली मागितली तर त्याला कुणी नाही म्हणणार नाही.